एका गोळीत दोन औषधं: रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या उपचारांचं पहिलं वर्ष

रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या दोन्हींसाठी मिळून एकच गोळी घ्यायला लागून मला आता वर्ष होऊन गेलं. सुरुवातीला जी माहिती हवी होती ती एका जागी कुठेच मिळाली नाही. थोडी डॉक्टरांकडून कळली, थोडी केमिस्टकडून, थोडी पाकिटातल्या बारीक अक्षरांच्या कागदातून. ती इथे घडली त्या क्रमाने लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. वय ५३, राहायला इंदिरानगरला, नाशिक रोडच्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. माझे डोस आणि आकडे माझ्यापुरते आहेत, तुमचे तुमचे डॉक्टर ठरवतील.

फेब्रुवारी २०२४ मध्ये संस्थेत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. माझा रक्तदाब १५८/९६ निघाला. सिस्टरने दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतला, तेव्हाही १५२/९४. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, जिना चढताना दम लागत नव्हता. पण माझ्या आईला ६१ व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्याआधी तिलाही काहीच होत नव्हतं. त्या दिवशी घरी येताना द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षात बसून मी फक्त आईचा विचार करत होते. खूप भीती वाटली.

शरणपूर रोडवरच्या फिजिशियनची वेळ आठवड्याभराने मिळाली. फी ६०० रुपये. औषध लगेच देतील अशी माझी समजूत होती, पण त्यांनी आधी घरी रक्तदाब मोजून आणायला सांगितलं. दवाखान्यात आल्यावर कित्येकांचा रक्तदाब नुसत्या धास्तीने वाढतो, म्हणून एकदोन आकड्यांवर जन्मभराची गोळी सुरू करायची नाही असं त्यांचं म्हणणं. मनगटावरचं यंत्र नको, दंडावर पट्टा बांधायचं घ्या, असंही बजावलं. सर्जिकल सामानाच्या दुकानात ते २,२०० रुपयांना मिळालं. घेताना पट्ट्याचं माप बघून घ्या. दंडाचा घेर टेपने मोजायचा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरमध्ये तो बसतो का ते पाहायचं. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो.

मोजायची रीतही शिकून घ्यावी लागते. आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. सगळं वहीत लिहायचं, नको असलेला आकडासुद्धा. आठवड्याच्या नोंदींतून डॉक्टरांनी पहिला दिवस वगळला आणि बाकीच्यांची सरासरी काढली. ती १४६/९२ आली. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर तो वाढलेला रक्तदाब धरतात.

मग रक्ताच्या तपासण्या. पंडित कॉलनीतल्या लॅबमध्ये रात्रीच्या जेवणानंतर बारा तास उपाशी राहून रक्त दिलं. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटॅशियम, एसजीपीटी (यकृतासाठी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि लघवीची तपासणी, सगळं मिळून २,४०० रुपये. ईसीजी दवाखान्यातच ३०० रुपयांत झाला. थायरॉईड कशाला, असं मी विचारलं. थायरॉईड मंद असेल तर त्यानेच कोलेस्टेरॉल वाढू शकतं, आणि अशा माणसाला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गटातलं औषध, दिलं तर स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, असं कळलं. माझं थायरॉईड ठीक निघालं. एकूण कोलेस्टेरॉल २४७, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) १९०. एचबीएवनसी ५.८, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्याशी.

मार्चमध्ये औषधं सुरू झाली ती दोन वेगवेगळ्या गोळ्यांनी. सकाळी रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रात्री कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन १० मिलिग्रॅम. सोबत मीठ कमी, पापड-लोणचं-फरसाण बंद, रविवारची मिसळ महिन्यातून एखाद्या वेळी, आणि सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालणं. दोन्हींची मिळून एक गोळी मिळते हे मला ऐकून माहीत होतं. तीच का नाही, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "ताई, आधी दोघांची वेगवेगळी ओळख होऊ द्या. काही त्रास झाला तर कोणामुळे झाला ते कळायला हवं. डोस बसला की एकत्र करू."

या लेखात मला जे मुख्य सांगायचं आहे ते याच वाक्यात आहे. गोळी एक असली तरी आत औषधं दोन असतात. दोन्हींची नावं, दोन्हींचे मिलिग्रॅम आणि दोन्हींचे त्रास वेगवेगळे माहीत असायला हवेत. पुढे वर्षभर मला याचाच उपयोग होत राहिला.

एप्रिलमध्ये संध्याकाळी घोटे सुजायला लागले. सँडलचे पट्टे रुतायचे, सकाळपर्यंत सूज उतरायची. किडनीला काही झालं की काय, असं मनात आलं आणि झोप उडाली. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, क्रिएटिनिन नॉर्मल होतं ते पुन्हा दाखवलं. ही ॲम्लोडिपिनची ओळखीची खूण आहे. त्याने बारीक धमन्या सैल पडतात आणि पाणी थोडं ऊतींत झिरपतं. डोस जास्त असेल तर सूज जास्त. सूज एकाच पायाला असेल, सोबत दम लागत असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर गोष्ट वेगळी, लगेच दाखवायचं. माझी सूज थोडी होती म्हणून ५ मिलिग्रॅमच ठेवलं. ऑफिसात पायाखाली छोटं स्टूल घेते आणि तासाभराने उठून एक चक्कर मारते. वाढली असती तर डोस कमी करणं किंवा दुसऱ्या गटातलं औषध जोडणं, असे मार्ग होते. माझ्या जावेने अशाच सुजेसाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून लघवीची गोळी घेतली होती. या सुजेवर त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही आणि अंगातलं पोटॅशियम मात्र कमी होऊ शकतं. म्हणून मनाने काही घेऊ नका.

मेमध्ये पुन्हा तपासणी झाली. स्टॅटिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड प्रोफाइल करतात. एलडीएल १०१ वर आलं होतं. एसजीपीटी नॉर्मल. घरचा रक्तदाब १२८/८२ च्या आसपास. माझ्यासाठी एलडीएलचं उद्दिष्ट १०० च्या खाली होतं. कोणाला मधुमेह असेल किंवा आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ते बरंच खाली असतं, म्हणून शेजारणीच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट ताडून पाहू नये.

जूनमध्ये एकत्र गोळी आली: ॲम्लोडिपिन ५ आणि ॲटोरव्हास्टॅटिन १०. या जोडीला अमेरिकेत २००४ साली मंजुरी मिळाली. त्याआधी २००३ मध्ये ॲस्कॉट नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. रक्तदाब असलेले, पण कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नसलेले दहा हजारांवर लोक त्यात होते. ज्यांना ॲटोरव्हास्टॅटिन १० मिळालं त्यांच्यात हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी दिसले. डॉक्टरांनी हे मला कागदावर आकृती काढून समजावलं. दाब धमनीच्या भिंतीवर घाव घालतो आणि चरबी त्याच भिंतीत साठते, म्हणून दोन्हींवर एकदम काम करायचं. त्याच महिन्यात पेपरात अकिरा एंडो वारल्याची बातमी वाचली. या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये तांदळावरच्या एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. मी ती बातमी कापून फाइलमध्ये लावली आहे. ज्या माणसाच्या कष्टावर माझी रोजची गोळी उभी आहे, त्याचं नाव मला माहीत असावंसं वाटलं.

गोळी बदलण्याचा दिवस सगळ्यात सांभाळायचा. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनवर दोन्ही औषधांची मूळ नावं मोठ्या अक्षरांत लिहिली आणि खाली 'जुन्या दोन्ही गोळ्या बंद' असं लिहून रेघ मारली. त्याच रात्री मी उरलेल्या स्ट्रिप्स कपाटातून काढून वेगळ्या पाकिटात घातल्या आणि पाकिटावर तारीख टाकली. नाहीतर सकाळी नवी गोळी आणि रात्री सवयीने जुनी, असा दुप्पट डोस कोणाच्याही पोटात जाईल. आमच्या घरात सासूबाईही ॲम्लोडिपिन घेतात. त्यांचा डबा आता देवघराजवळच्या फडताळात, माझा स्वयंपाकघरात. रंगही वेगळे ठेवले आहेत.

केमिस्टकडचा एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यातली गफलत कुठेही होऊ शकते. घराजवळच्या एका दुकानात माझ्या कंपनीची गोळी संपली होती. काउंटरवरच्या मुलाने दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप पुढे केली. "काकू, सेम आहे, ॲम्लो एटी." मी स्ट्रिप उलटी करून घटक वाचले तर ॲम्लोडिपिन ५ आणि ॲटेनोलॉल ५०. ॲटेनोलॉल हे रक्तदाबाचंच दुसरं औषध, नाडीची गती कमी करणारं. कोलेस्टेरॉलशी त्याचा काही संबंध नाही, आणि दम्याच्या माणसाला ते धोक्याचंही ठरू शकतं. नावापुढचं 'एटी' आपल्याकडे बऱ्याच कंपन्या ॲटेनोलॉलसाठी वापरतात. ऐकणाऱ्याला मात्र ते ॲटोरव्हास्टॅटिन वाटतं. दुकानातल्या फार्मासिस्ट काकांना बोलावलं, त्यांनी लगेच स्ट्रिप परत घेतली आणि दुसऱ्या दिवशी योग्य गोळी मागवून दिली. तेव्हापासून ब्रँडचं नाव न सांगता मी दोन्ही मूळ नावं मिलिग्रॅमसकट सांगते, घटक वाचते, एक्स्पायरी बघते आणि पक्कं बिल घेते. ही गोळी प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायची नसते, म्हणून मूळ कागद घरी आणि त्याची झेरॉक्स पर्समध्ये असते. खर्च महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास येतो, दोन वेगळ्या गोळ्यांचा होता जवळपास तेवढाच. परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात ॲम्लोडिपिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन सुटी, याहून बऱ्याच कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांना विचारून तशी घेतली तरी उपचार तोच आहे.

गोळी सकाळी घेते, चहाआधी की नंतर याने फरक पडत नाही. रात्रीचं स्टॅटिन सकाळी कसं चालेल, ही माझी शंका होती. ॲटोरव्हास्टॅटिनचा परिणाम लांब टिकतो, त्यामुळे ते दिवसात कधीही घेतलेलं चालतं, फक्त वेळ रोज तीच ठेवायची. नवरात्राच्या उपवासातही गोळी चुकवली नाही. एखाद्या दिवशी राहिली आणि १२ तासांच्या आत आठवली तर घ्यायची. त्याहून उशीर झाला तर ती सोडून पुढची वेळेवर घ्यायची. दोन एकदम कधीच नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, १९ ऑगस्टला, आम्ही त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरवेना. स्टॅटिनने स्नायू दुखतात हे वाचलेलं होतं, त्यामुळे जीव घाबरला. फोनवर डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या: लघवीचा रंग चहासारखा गडद झाला आहे का, ताप आहे का, हात वर करताना किंवा खुर्चीतून उठताना खरोखर ताकद जात नाही असं होतंय का? तिन्हींचं उत्तर नाही होतं. गडद लघवी आणि अशक्तपणा असता तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा होता, कारण क्वचित स्नायू वितळून किडनीवर ताण येतो. सीपीके ही स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी त्यांनी लगेच करू दिली नाही. एवढ्या चालण्याने ती कोणाचीही वाढलेली येते आणि उगीच गोळीवर संशय येतो. दुखणं तीनचार दिवसांत ओसरलं. आठवड्याभराच्या विश्रांतीनंतर केलेली सीपीके नॉर्मल आली. ४५० रुपये गेले, पण मन शांत झालं. आता कुठे दुखलं की मी स्वतःला विचारते: काल काय केलं होतं? दोन्ही बाजूंना सारखं दुखतंय का? कारण नसताना दुखतंय का?

त्याच पावसाळ्यात गजकर्ण झालं. नाशिकचा पाऊस, दमट कपडे, दर वर्षी कोणाला ना कोणाला होतंच. त्वचारोगतज्ज्ञ बाई इट्राकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या कॅप्सूल काही आठवड्यांसाठी लिहीत होत्या. माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं. त्यावर दोन्ही औषधांची नावं, डोस, डॉक्टरांचा फोन आणि 'या औषधांबरोबर विचारा' अशी यादी आहे: क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, सायक्लोस्पोरिन, जेमफायब्रोझिल, कोल्चिसीन. कार्ड पुढे केल्यावर त्या थांबल्या. यकृतातलं जे एन्झाइम ॲटोरव्हास्टॅटिन आणि ॲम्लोडिपिन या दोघांचा निचरा करतं, त्यालाच इट्राकोनाझोल अडवतं. मग दोन्ही औषधं रक्तात साचतात. सुट्या गोळ्या असत्या तर तेवढे आठवडे स्टॅटिन थांबवता आलं असतं. एकत्र गोळीत अर्धं औषध थांबवता येत नाही. त्यांनी माझ्या फिजिशियनशी फोनवर बोलून टर्बिनाफिन हे दुसरं बुरशीविरोधी औषध आणि मलम दिलं. हे सगळं त्यांच्या समोर पाच मिनिटांत झालं. असं कार्ड प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. दातांच्या डॉक्टरलाही दाखवा, कारण ॲम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात, आणि डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वर चढू शकतो.

खाण्यापिण्याचंही सांगते. ग्रेपफ्रूट हे फळ आणि त्याचा रस या गोळीबरोबर टाळायला सांगतात, आणि त्याचं भावंड असलेलं पपनसही मी टाळते. आपली द्राक्षं चालतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकमध्ये राहून द्राक्षं सोडायची वेळ आली नाही, याचं फार समाधान वाटलं. भाच्याने अमेरिकेहून 'नैसर्गिक' लाल यीस्ट राइसच्या कॅप्सूल आणल्या होत्या. डॉक्टरांनी बाटली बघून नको म्हटलं. त्यात लोव्हास्टॅटिनसारखंच द्रव्य असतं, म्हणजे एका स्टॅटिनवर दुसरं. आणि घरात मूल होण्याच्या वयाची कोणी ही गोळी घेत असेल, तर गरोदरपणाचा विचार सुरू होताच तिने डॉक्टरांना सांगायला हवं. स्टॅटिन त्या काळात साधारणपणे थांबवतात.

एप्रिल २०२५ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, मला जुलाब-उलट्या झाल्या. उठून उभी राहिले की अंधारी येत होती. रक्तदाब ९८/६२. पाणी कमी झालेल्या अंगात रक्तदाबाची गोळी चालूच ठेवली तर आणखी घसरतो, आणि गोळी बंद केली तर स्टॅटिनही बंद होतं. हे मनाने ठरवण्यासारखं नव्हतं. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. काही दिवस एकत्र गोळी थांबवा, ओआरएस घ्या, सकाळ-संध्याकाळ रक्तदाब कळवा, असं त्यांनी सांगितलं. दोनचार दिवस स्टॅटिन न मिळाल्याने बिघडत नाही, पण एरवी बरं वाटतं म्हणून दोन्ही औषधं बंद करायची नाहीत, हेही सांगितलं. रक्तदाब १२० च्या वर स्थिर झाल्यावर त्यांच्याच सांगण्याने गोळी पुन्हा सुरू केली.

जून २०२५ चा वार्षिक रिपोर्ट: एलडीएल ९४, एसजीपीटी नॉर्मल, क्रिएटिनिन जैसे थे, एचबीएवनसी ५.९. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते म्हणून तिच्यावर लक्ष आहे. माझ्या बाबतीत फायदा त्याहून मोठा आहे असं डॉक्टरांचं मत, आणि हिशेब मांडून दाखवल्यावर मलाही ते पटलं.

कागदपत्रांचं थोडं. फेब्रुवारी-मार्च २०२४ ची पहिली प्रिस्क्रिप्शनं मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहेत. आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करताना फॉर्ममध्ये आजार पहिल्यांदा कधी कळला ते विचारतात. तारीख आणि औषधांची नावं खरी आणि पूर्ण लिहावीत, कारण लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी आड येते. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचाच ठेवता येतो, पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असायचा. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असाल तर आयकराच्या वजावटीत (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डी) प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत दाखवता येतात आणि ती रक्कम रोखीने दिलेली चालते, म्हणून लॅबची बिलं वेगळी लावून ठेवा.

आता सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाते. जाण्याआधीचा आठवडाभर रक्तदाबाची वही भरते, सोबत यंत्रही नेते, कारण वर्षातून एकदा ते दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून बघतात. पुढची तारीख डिसेंबरची आहे.